पहिली रायफल घेताना आधी पोर मोजा

गणपतीच्या आदल्या आठवड्यात दादाचा फोन आला. "अरे, ओमकारला तेरावं लागलं. खाचरात डुकरं लोळून जातायत, भात नुसता आडवा केलाय. आबांसारखी बंदूक शिकू दे पोराला. तू तिकडं रेंजवर असतोस, चांगली शिकारीची बघून ठेव. पैशाचं मी बघतो."

आमचं गाव भोरच्या पुढं. आबांची ठासणीची बंदूक होती, लायसनची. ती माजघरात उंच खुंटीला असायची आणि आम्हा पोरांना तिच्याकडं बघायचीसुद्धा भीती. आबा गेले तशी दादानंच ती पोलीस ठाण्यात जमा केली. पण आबांनी लोळवलेल्या डुकराच्या गोष्टी काही जमा झाल्या नाहीत, त्या ओमकारपर्यंत पोचल्या.

मी भोसरीत टूलरूमला आहे, सव्वीस वर्षं झाली. शूटिंगशी माझा संबंध आला तो तन्वीमुळं. मुलगी आठवीत असताना बालेवाडीला रेंजवर जायला लागली आणि तिची रायफलची केस उचलायला मी. ती आत लेनवर, मी बाहेर बाकड्यावर. बसून बसून इतर पोरांच्या रायफलींचे ढिले स्क्रू आवळून द्यायला लागलो, आणि ॲलन-कीचा सेट खिशात असलेला बाबा म्हणून ओळख झाली. तन्वीचं कॉलेज संपलं, तिचं शूटिंगही मागं पडलं, माझा रविवार मात्र तिथंच अडकला. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरकडच्या आणि तेव्हा पुण्यात रेल्वेत टीसी असलेल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ऑलिंपिकमध्ये शूटिंगचं ब्राँझ जिंकलं, त्यानंतर तर आमच्या कंपनीतल्या शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं: "पोराला कुठली रायफल घेऊ?"

दादाला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

शिकारीचं प्रकरण आधी मिटवू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यानंतर आपल्याकडं शिकारीची रायफल म्हणून घ्यायची वस्तूच उरलेली नाही. ससा, भेकर, तितर, कशावरही नेम धरला तर गुन्हा. डुकरांनी पीक खाल्लं तर वनखात्याकडं अर्ज करायचा, पंचनामा करून घ्यायचा, भरपाई मागायची. डुक्कर मारायचं की नाही हेसुद्धा वनखात्याची लेखी परवानगी ठरवते, तेरा वर्षांचा पोरगा नाही. बंदुकीचं लायसन वयाची एकवीस पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, तो रस्ताही बंद.

उरते एअर रायफल. शस्त्र नियम २०१६ प्रमाणं नळीचा बोअर (आतला व्यास) ४.५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ०.१७७ इंच, आणि गोळीची ऊर्जा २० जूलच्या आत असेल तर लायसन लागत नाही. दुकानदार ओळखपत्राची झेरॉक्स घेतो आणि वहीत नोंद करतो, ती करू द्यावी. दहा मीटरच्या स्पर्धेची रायफल साधारण साडेसात जूलची असते. अर्ध्या ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं जाते. तेवढ्यानं डुकराला गुदगुल्या होतील. पण माणसाचा डोळा कायमचा जाईल, पाखरू जखमी होऊन कुठंतरी झुडपात जाऊन मरेल. गच्चीवरच्या पाखरावर नेम धरणारा पोरगा मला रेंजवर दिसला तर मी सरांना सांगतो. मग त्याचा बाप कोण का असेना.

दादा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे नुसतं कागदावर मारायचं?"

हो, कागदावर. पण तो कागद बघा. दहा मीटरवर मधला काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा, आपल्या बाटलीच्या झाकणाएवढा. त्यात नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं, आणि दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. पेन-पेन्सिलीत घालायचं शिसं असतं ना, तेवढा. तिथं उभ्यानं, कशाचाही टेकू न घेता, सव्वा तासात साठ गोळ्या. डुक्कर त्यामानानं फार मोठं जनावर आहे, असं मी दादाला म्हटलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

आता मुद्द्याचं. पहिले चार-सहा महिने रायफल घेऊच नका.

हे ऐकून आयांना बरं वाटतं आणि बापांना राग येतो. पण बहुतेक क्लबांकडं शिकाऊ मुलांसाठी रायफली असतात, महिन्याच्या फीमध्ये किंवा वर थोडे पैसे देऊन वापरायला मिळतात. ओरखडे पडलेल्या, गाल टेकायच्या गालपट्टीला चिकटपट्टी लावलेल्या. त्याच वापरू द्या. या काळात दोन गोष्टी कळतात. एक, पोर टिकतं का. तन्वीच्या बॅचला अकरा मुलं होती, दहावीपर्यंत दोघी राहिल्या. उरलेल्या नऊ घरांपैकी चार घरांत माळ्यावर रायफली होत्या, त्यातली एक मीच नंतर एका गरजूला विकून दिली. दुसरी गोष्ट, पोराची पोझिशन बसते. पाय किती फाकायचे, डावं कोपर कमरेच्या हाडावर कुठं टेकतं, मान किती वळते, हे बसल्याशिवाय रायफल मापाची आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, विकणाऱ्याला तर नाहीच. पाय वाढायच्या आधी बूट घेण्यातला प्रकार.

ओमकार दिवाळीच्या सुट्टीत आला. भोरहून एसटीनं स्वारगेट, तिथून मी घेऊन आलो. फराळाचं ताट पुढं होतं आणि याचं एकच, "काका, रायफल कधी बघायची?" म्हटलं, आधी तुला बघू.

लग्नाची एक जुनी पत्रिका घेतली. मधोमध पंचिंग मशीननं भोक पाडलं. ओमकारला म्हटलं, दोन्ही हातांनी ही लांब धर, दोन्ही डोळे उघडे ठेव आणि भोकातून भिंतीवरच्या घड्याळाचा बाराचा आकडा बघ. दिसला? आता मान न हलवता पत्रिका हळूहळू चेहऱ्याजवळ आण. पत्रिका ज्या डोळ्याकडं आपोआप येते, तो त्याचा हुकमी डोळा. पोर उजव्या हातानं जेवतं, उजव्या हातानं बोलिंग टाकतं, पण पत्रिका गेली थेट डाव्या डोळ्याकडं. मला वाटलं उगीच करतोय. तीनदा करायला लावलं. तिन्ही वेळा डावा.

हे दहा पैशांचं काम आहे आणि निम्मे लोक करत नाहीत. हात उजवा आणि डोळा डावा असला की दोन रस्ते. एक तर उजव्या खांद्यावर रायफल ठेवून डाव्या डोळ्यासमोर पट्टी लावायची, तिला ब्लाइंडर म्हणतात. ती दुधी रंगाची असावी म्हणजे प्रकाश दोन्ही डोळ्यांत सारखा जातो. डोळा मिटून नेम धरायला शिकवू नका, दुसराही डोळा आखडतो. नाहीतर सरळ डाव्या खांद्यावरून शिकवायचं. ज्याला उजवीकडची सवय लागलीय त्याला सर सहसा ब्लाइंडरच देतात. ओमकारनं आयुष्यात रायफल धरली नव्हती. सर म्हणाले, कोरी पाटी आहे, डाव्यानं जाऊ दे.

म्हणजे भाद्रपदात दादाच्या घाईनं मी घेऊन ठेवली असती, तर उजव्या हाताची आली असती. स्पर्धेच्या रायफलीची मूठ हाताच्या आकाराची कोरलेली असते, उजवी डाव्याला चालत नाही. जुन्या बाजारात डाव्या हाताची मिळायला वाट बघावी लागते. लहान मुलांच्या काही मॉडेलांना दोन्ही हातांना चालणारी मूठ असते, ओमकारसाठी मी तेवढीच शोधली.

मग लांबी. कोपरात हात काटकोनात वाकवायचा, बटाचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याचा, मागचा भाग दंडाच्या आतल्या बाजूला लावायचा आणि बोट ट्रिगरपर्यंत पोचतंय का बघायचं. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पडलं तर लांबी जवळपास बरोबर. बोट ताणावं लागलं तर लांब. हा ढोबळ अंदाज झाला. खरं माप शूटिंगचं जॅकेट घालून रायफल खांद्याला लावल्यावरच कळतं, कारण जॅकेटची जाडी मध्ये येते. चांगल्या रायफलीचं बट चकत्या घालून किंवा सरकवून लांब-आखूड होतं, गालपट्टी वर-खाली होते. मुलासाठी घेताना मी एवढंच बघतो की आज सगळ्यात आखूडवर बसतेय ना. वाढायला जागा पुढं असावी, मागं नाही. दुकानात उलटं करतात. "वाढत्या अंगाचं घ्या" म्हणून मोठी गळ्यात मारतात. शाळेचा युनिफॉर्म चालेल तसा, रायफल नाही.

गालाचं एक लक्षात ठेवा. रायफल गालापाशी यायला हवी, गाल रायफलीपाशी जायला नको. पोर बाजूनं बघा. मान पुढं काढून कोंबडीसारखं वाकत असेल तर गालपट्टी खाली आहे किंवा बट लांब आहे.

वजनावर जरा थांबतो, कारण इथं मी स्वतः आपटलोय.

नियम सांगतो की दहा मीटरची रायफल नेम धरायच्या साइटसकट साडेपाच किलोपेक्षा जड नको. मी वाचलं ते असं की साडेपाच किलोची असली म्हणजे भारी. जड रायफल कमी हलते हे मशीनवाल्या माणसाला लगेच पटतं. लेथ जड असतो म्हणूनच कापताना थरथरत नाही. मी तन्वीला पाच किलोच्या जवळपासची मोठ्यांची रायफल घेतली. तन्वी तेव्हा अडतीस किलोची. पहिल्या वीस गोळ्या सुरेख, ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, एका नाण्याखाली झाकला जायचा. तिसऱ्या सिरीजपासून (दहा गोळ्यांची एक सिरीज) गोळ्या वर सरकायला लागायच्या. मी साइट बघितली, नळी बघितली, पेलेट (शिशाच्या गोळ्या) बदलले. महिनाभर मी रायफलीतच दोष शोधत होतो. एक दिवस एक मॅडम माझ्या शेजारी बाकड्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "टार्गेटकडं काय बघताय, तिच्या कमरेकडं बघा." पोरगी मागं रेलून धनुष्यासारखी वाकली होती. पुढचं वजन तोलायला पाठीचा खालचा भाग मोडत होती. घरी कंबर दुखते म्हणायची, तर आम्ही म्हणायचो, दप्तर जड आहे.

लेथ फाउंडेशनवर उभा असतो, पोर आपल्या पाठीवर. लहान मुलांच्या रायफली साडेतीन-चार किलोच्या मिळतात, तिथूनच सुरुवात करावी. पुढं वजनाचे तुकडे लावायची सोय असतेच. वय वाढलं की शंभर-शंभर ग्रॅमनं वाढवा.

दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी करायची परीक्षा सांगतो. रायफल रिकामी आहे हे स्वतः बघा. पोराला पोझिशन घ्यायला लावा आणि भिंतीवरच्या एका ठिपक्यावर धरायला सांगा. तुम्ही नळीचं टोक बघू नका, पोट आणि गुडघे बघा. वीस-पंचवीस सेकंदांत खांदा कानाकडं चढायला लागला किंवा पोट पुढं आलं, तर ती रायफल जड आहे किंवा तिचा तोल फार पुढं आहे. मग त्याला डोळे मिटायला सांगा, दोन श्वास घेऊ द्या, आणि उघडायला सांगा. रायफल मूळ ठिपक्याच्या आसपास असेल तर हाडांवर टेकलीय. भलतीकडं गेली असेल तर इतका वेळ पोर ती स्नायूंनी ओढून धरत होतं. हे एकदा करून भागत नाही. पाच मिनिटं विश्रांती देऊन परत करा. पहिल्या वेळी उत्साहात सगळीच मुलं भीमासारखी उभी राहतात.

ओमकारनं पाच रायफली धरल्या. त्याला आवडली ती निळ्या ॲल्युमिनियमची, मोठ्यांची. डोळे मिटून उघडले तर नळी शेजारच्या लेनच्या टार्गेटवर. स्वतःच ओशाळला आणि ठेवून दिली. पाचवी होती साध्या लाकडी दस्त्याची, कुणाच्या तरी पोरानं त्यावर कर्कटकानं नाव कोरलेलं. ती त्याच्या हातात अशी बसली की मी काही बोललोच नाही.

प्रकार दोन. एक स्प्रिंगची, नळी मधून दुमडून स्प्रिंग ताणायची. भारतात बनते, स्वस्तात मिळते. शिकायला वाईट नाही, पण गोळी नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला पिस्टन पुढं आपटतो आणि रायफल उडी मारते. पोरानं चूक केली की स्प्रिंगनं, हे कळत नाही. शिवाय ती रिकामी चालवायची नसते. समोर पेलेटचा अडथळा नसला की पिस्टन आपटून सील आणि स्प्रिंग खराब होते. दुसरी पीसीपी, नळीखाली दाबाच्या हवेचं सिलिंडर, साधारण २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) भरायचं. धक्का जवळजवळ नाही. ट्रिगर इतका हलका की नवीन पोर दचकतं. स्पर्धेला हीच. परदेशी, बहुतेक जर्मन: फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, अन्श्यूट्झ. नवीन घ्यायची तर लाखांत जाते. यातली कुठली चांगली असं मला विचारू नका. तिन्ही रायफली पोरापेक्षा चांगलं मारतात. फरक मापात असतो, नावात नाही.

एवढे पैसे आमच्यासारख्यांकडं नसतात म्हणून जुनी घेतात, आणि त्यात काही गैर नाही. पहिली रायफल जुनीच असावी असं माझं मत आहे. फक्त सिलिंडरवरची तारीख वाचा.

तन्वीचीच ती पाच किलोची. विकणाऱ्यानं मखमलीत गुंडाळून दाखवली. "फक्त मॅचला काढायचो हो." मी टूलरूमचा माणूस, दहा पॉवरचं भिंग घेऊन गेलो होतो. नळीचं तोंड बघितलं, स्क्रूंचे खाचे बघितले, सगळं कोऱ्यासारखं. सिलिंडरवर बारीक अक्षरात महिना आणि साल कोरलेलं होतं ते वाचलं, पण मला वाटलं, बनवल्याची तारीख, असेल. या जर्मन सिलिंडरना दहा वर्षांची मुदत असते. आमच्याला बारा झाली होती. मुदतीत सिलिंडर ठेवणं ही खेळाडूची जबाबदारी असं नियमातच आहे, आणि मॅचच्या आधी साहित्य तपासणीत ते बघू शकतात. ते राहू द्या, २०० बारचा डबा पोरीच्या हनुवटीपासून हातभर अंतरावर असतो. त्याची मुदत टळलीय हे कळल्यावर रात्रभर झोप लागली नाही. नवीन सिलिंडर मागवलं, आयातीची वाट बघण्यात तन्वीचा अख्खा सीझन क्लबच्या रायफलीवर गेला. विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. त्याला शिव्या घालून झाल्या, पण भिंग माझ्याच हातात होतं.

तेव्हा जुनी बघायला जाल तर सिलिंडरची मुदत किती उरलीय ते आधी वाचा आणि नव्या सिलिंडरची किंमत मनातल्या मनात वजा करून भाव करा. मग हवा गळते का बघा. यासाठी विकणाऱ्याकडं एक रात्र मागायची: सिलिंडर भरून रायफलीला लावायचं, गेजच्या काट्याचा मोबाइलवर फोटो काढायचा, सकाळी परत जाऊन दुसरा फोटो. काटा हलला नसला पाहिजे. हलला असेल तर बहुतेक वेळा एखादी ओ-रिंग (रबरी कडी) गेलेली असते, स्वस्तातलं काम, पण भाव करायला उपयोगी. रात्र द्यायला नकार देणाऱ्याचा चहा पिऊन निघून या. स्क्रूंची डोकी चावलेली असतील तर कुणीतरी चुकीच्या चावीनं उघडलीय. ट्रिगर पंचवीस-तीस वेळा दाबून बघा, दर वेळी त्याच जागी सुटायला हवा. कधी लवकर, कधी उशिरा सुटत असेल तर ती रायफल घेऊ नका, नवशिक्याच्या हातात असा ट्रिगर धोक्याचा असतो.

आणि माझ्यासारख्या मशीनवाल्यांना हात जोडून विनंती. हवेच्या जोडावर, सिलिंडरच्या आट्यांवर मशीन ऑइल किंवा ग्रीस लावू नका. आपला हात आपोआप ऑइल कॅनकडं जातो, माझा गेला होता. दाबाची हवा आणि खनिज तेल एकत्र आलं की भडका उडू शकतो. कंपनीनं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस तेवढंच, तेही नखावर मावेल इतकं.

बाकीच्या सामानाचं थोडक्यात. पेलेट चपट्या तोंडाचे घ्या, कागदाला पंच मारल्यासारखं गोल भोक पडतं म्हणून. पाचशेचा डबा येतो. ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकार असतात, त्याची चिकित्सा पहिल्या वर्षी करू नका. बॅच तपासायचं वेड मला लागलं होतं, व्हर्निअर घेऊन ग्रुप मोजायचो, तन्वीचा स्कोअर त्यानं एक पॉइंटही वाढला नाही. पेलेट शिशाचे असतात म्हणून हात साबणानं धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, जेवणाचा. तोंडात पेलेट धरायची सवय असलेली मुलं मी पाहिलीत, ती पहिल्याच दिवशी मोडा. जॅकेट आणि पँट मापाची शिवायची घाई नको, वर्षात आखूड होते. मोठ्या मुलांचं उतरलेलं मिळतं का विचारा. बूट आणि हातमोजा मात्र पायाच्या आणि हाताच्या मापाचाच.

सेफ्टी फ्लॅग पहिल्या दिवसापासून. भडक रंगाची दोरी, नळीच्या मागून घालून पुढच्या टोकातून बाहेर आलेली दिसली पाहिजे, म्हणजे आत गोळी नाही हे दुरून कळतं. विकत मिळते. आम्ही गवत कापायच्या मशीनची केशरी नायलॉन दोरी कापून करतो, वीतभर जास्त ठेवून.

घरात गोळ्या मारू नका. हॉलपासून बेडरूमपर्यंत दहा मीटर भरतात म्हणून काही पालक तिथंच रेंज करतात, आणि मग मधल्या दारातून आजी येते. घरी ड्राय करायचं, म्हणजे गोळी न घालता नुसता नेम आणि ट्रिगर. पीसीपी स्पर्धेच्या रायफलीत रिकामा ट्रिगर चालवायची सोय असते. रोज वीस मिनिटं, पांढऱ्या भिंतीसमोर, टार्गेटसुद्धा नको. नुसती माशी (नळीच्या टोकावरची साइट) बघायची आणि ट्रिगर सुटताना ती हलली का ते स्वतःशी खरं सांगायचं. ओमकार गावी हेच करतो. दादा म्हणतो, पोरगं भिंतीकडं बघत उभं राहतं, गावातले लोक काय म्हणतील.

नेताना रायफल केसमध्ये, सिलिंडरच्या गेजवर कापड, पावती आणि ओळखपत्राची प्रत झाकणाच्या कप्प्यात. केस उभी धरून स्कूटरवर मागं बसायचं नाही, रिक्षा करा. नाशिक फाट्याला एकदा हवालदारानं थांबवलं होतं. पावती आणि रेंजचं कार्ड दाखवलं, त्यानं केस उघडायला लावली, बघितलं आणि आपल्या मुलीला कुठं घालू म्हणून पत्ता लिहून घेतला. पावसाळ्यात केसमधला फोम ओल धरतो. घरी आलं की केस उघडी टाका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि नळीच्या बाहेरून तेलाचा हात फिरवलेलं फडकं. इथं तेल चालतं.

शेवटचं सामान म्हणजे वीस रुपयांची वही. बटाला किती चकत्या, गालपट्टी कितव्या खुणेवर, पुढच्या साइटमधल्या रिंगचा आकार किती, हे सगळं लिहून ठेवायचं. पोरं खेळता खेळता एखादा स्क्रू फिरवतात आणि मग महिनाभर कुणालाच कळत नाही की काय बदललं. आमच्या दाराच्या चौकटीवर तन्वीच्या उंचीच्या रेघा होत्या, त्यांच्या शेजारी आता ओमकारच्या सुरू झाल्यात. तो शनिवारी एसटीनं येतो, चपला काढून आधी चौकटीला पाठ लावतो. दर तीन महिन्यांनी उंची आणि रायफलीचं माप एकाच पानावर लिहितो. मागच्या शनिवारचं पान असं आहे, अक्षर त्याचं:

"उंची १५१. मागच्या वेळी १४९. बट: चकत्या २ होत्या, ३ केल्या. गालपट्टी: तीच. वजन: काकांनी लावू दिलं नाही."